जावयाची कंपनी

पिपरी मेघे, रविवार, १४ ऑक्टोबर २००७

डोकं फिरलंय माझं. हातसुताच्या ओढण्या इंटरनेटवर विकायला मी काढल्या, वेबसाइट मी करून घेतली, ग्राहकांच्या कार्डाचे पैसे कोणत्या कंपनीमार्फत घ्यायचे हेही चार ठिकाणी विचारून मीच ठरवलं होतं. आणि दादानं आज पोहे खाता खाता दुसऱ्याच कंपनीला हो म्हणून टाकलं. काऊन? तर त्याचा जावई तिथं नोकरीला आहे! कमिशन जास्त, पैसे खात्यात यायला उशीर, तरी "जावयाले नाई कसं म्हणू, बाई?"

जावई समोरच पोहे खात बसला होता. मी त्याला म्हटलं, आधी तुमच्याच कार्डावर आपल्या साइटवरून एक ओढणी घेऊन दाखवा. त्यानं निळी निवडली. कार्ड खिशातून अर्धं काढलं आणि परत आत सारलं. "आत्या, नेटवर नंबर टाकाले मले भेव वाटते. नगदच घ्या."

विकणारा हा! यालाच भीती, तर माझं गिऱ्हाईक कशाला नंबर टाकेल?

आणि दादा? त्यानं मला ते नगदही घेऊ दिलं नाही. "जावयाकडून पैसे घेतेत का कोणी?" निळी ओढणी फुकट गेली, वर वहिनीनं कुंकू लावून नारळ दिला. निघताना जावई म्हणतो, "फॉर्मवर सही तेवढी करून ठेवा, आत्या."

सही! बँकेतलं खातं माझ्या नावावर आहे, एवढ्यापुरती मी आठवले. फॉर्म कोराच ठेवलाय. दादाला जावयाला नाही म्हणता येत नाही ना? मला येतं.