न सुटलेलं पथ्य

अप्पा, आज इथल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी मला भाजीपाल्यावर चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. त्या म्हणाल्या, आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात आणि त्यांतले बरेचसे आपल्या बाजूचे असतात. पालेभाजीचा, डाळीचा, सालींचा जो चोथा आपल्याला पचत नाही, तेच त्यांचं जेवण. तापावरच्या कडक गोळ्यांनी वाईट जंतूंबरोबर हेही मरतात, आणि मग त्यांना पुन्हा वाढवायचं तर तऱ्हेतऱ्हेचा पाला, कडधान्यं, ताक असं पोटात जावं लागतं. डोळ्यांपुढे तुमचं पान होतं, पावाचे दोन तुकडे आणि आरारूटची खीर मांडलेलं.

तुम्हाला टायफॉईड झाला तेव्हा मी शाळेत होते. तंजावरात त्या नव्या गोळ्या नुकत्याच मिळू लागल्या होत्या, आणि इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं त्या देऊन तुम्हाला मरणाच्या दारातून ओढून आणलं, हे मी नाकारत नाही. घरी सोडताना तो आईला म्हणाला, दूध, पाव, आरारूट, एवढंच द्या. पालेभाजी नको, ताक नको, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात तर मुळीच नको, मी सांगेपर्यंत. आणि सांगायच्या आत त्याची बदली झाली, कुठे तिरुनेलवेलीकडे. दुसऱ्या कुणाच्या घरी पथ्य तिथंच संपलं असतं. आपल्याकडे मात्र रीत होती. गावच्या वैद्यानं पथ्य घातलं की त्यानंच एके दिवशी येऊन म्हणायचं, आता तेल लावून न्हा आणि सगळं जेवा. तोवर रोगी कितीही ठणठणीत झाला तरी वर्ज्य पदार्थाला हात लावायचा नाही. ही वैद्याची रीत तुम्ही इंग्रजी औषधाच्या डॉक्टरला लावलीत. त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल की तंजावरात एक माणूस त्याची वाट बघत पाव खातो आहे.

मला अजून दिसतं. तुम्ही पापनाशमच्या कचेरीतून संध्याकाळच्या गाडीनं येता, हातात पाल्याची जुडी. स्टेशनाबाहेरच्या बाईकडून तुम्ही रोज काही ना काही घेता: मणत्तक्काळीचा कडू पाला, शेवगा, कधी केळफूल. आई चुलीशी बसून निवडते, चिंच कोळते. मग आम्ही भावंडं जेवतो आणि तुम्ही समोर पाटावर बसून बघता. "कडू लागतें की आज? ताक घातलें काय तिणें? चाव, चाव, गिळूं नको." आम्ही खातो आणि चव तुम्हाला तोंडी सांगतो. तुमच्या सदऱ्याची बाही दर महिन्याला जरा जास्त ढिली होत जाते. पोट तर केव्हाच बिघडलेलं, रात्रंदिवस परसाकडे फेऱ्या. आईला वाटतं, पथ्य आणखी कडक हवं. ती दुधातही पाणी घालू लागते.

एकदा मी केळीच्या गाभ्याचं ताकातलं भरीत वाटीत घालून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही वाटीकडे इतका वेळ पाहिलंत की मला वाटलं, आता उचलणार. मग म्हणालात, "पोदुम्, पुरें. घेऊन जा. ज्याणें घातलें त्याणेंच काढावें. मध्येंच मोडलें तर औषध उलटतें, कळलें की?" आवाज चढला होता. आई दाराआडून म्हणाली, "त्यांस छळूं नको गे." मग मीच इस्पितळात जाऊन नव्या डॉक्टरला गाठलं. तो हसला, म्हणाला, खाऊ दे की सगळं! मी धावत घरी आले. तुम्ही शांतपणे विचारलंत, "त्याणें घातलें होतें काय?"

मला तुमचा राग येतो, अप्पा, आणि हा राग ठेवायला जागा नाही. तुम्ही अडाणी नव्हतात, हट्टी म्हणावं तर तेही नव्हतात. ज्यानं जीव वाचवला त्याचा शब्द मोडायचा नाही, एवढंच तुम्ही पाळलंत, आणि त्या सज्जनपणानंच तुम्ही वाळत गेलात. आज डॉक्टरीणबाईंना मी आडून विचारलं, असा एखादा माणूस वेळीच पालाभाजी खाऊ लागला असता तर वाचला असता का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, आतडं फार बिघडलं असेल तर कदाचित नसताही. म्हणजे तेवढाही आधार उरला नाही. निदान जेवून गेला असतात.

हे कागद मी घडी करून ठेवून देईन. पाठवणार कुठे, आणि आईही आता नाही. ती शेवटपर्यंत समाधानात होती की तिनं तुमच्या पथ्यात एका दिवसाचीही कसूर केली नाही. एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. बाईंनी माझी माहिती कागदावर लिहून घेताना विचारलं, वडील कशानं गेले? त्या पेन धरून थांबल्या होत्या. मी टायफॉईड म्हणाले. ताप तर तुमचा केव्हाच उतरला होता.