रंधा भंगारात गेला

अहो,

आधी खाली बसा, मग वाचा. परळीच्या जुन्या बाजारातून तुम्ही आणलेला लाकूड तासायचा रंधा माझ्या हातून गेला.

तुम्ही व्यायामासाठी दवाखान्यात गेलात अन् भंगारवाला आला. त्याला फक्त फुटका हंडा द्यायचा होता. रंधा तुम्ही तेल लावून ओट्यावर ठेवलेला. तो म्हणाला, "मावशी, हे बी न्यायचं का?" आज सोमवार, बारापर्यंत माझं मौन. मी हात हलवून नको नको केलं. त्याला वाटलं, घेऊन जा म्हणते. टेम्पो सुरू झाला तेव्हा मौन मोडून ओरडले, पण तो वळून गेला. महादेवाची माफी नंतर मागेन, आधी तुमची मागते.

चार वाजता मोहनराव अन् त्यांची हत्यारं जमवणारी मंडळी तोच बघायला येणार. "आमाला असला माल कावून सापडंना बे?" असं ते फोनवर म्हणाले, तेव्हा लकव्यानंतर तुम्ही पहिल्यांदा हसलात. महिनाभर डाव्या हातानं गंज घासलात, ते मी बघितलंय.

टेम्पो केजचा होता, म्हणून मी जीपनं केजला चाललेय. तिथली भंगाराची सगळी दुकानं पालथी घालते. वरण-भात झाकलाय, गोळी जेवल्यावर घ्या.

रंधा न्हाईच मिळाला तरी मंडळींना दारातून परत पाठवू नका. मोहनराव लाकूड कोरायची नवी पटाशी आणतायत, ती तरी हातात घेऊन बघा. पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडू नका. ते बघायची ताकद आता माझ्यात न्हाई.

वनमाला