सातशे मीटर

सोमवार, ८ जानेवारी

आईने आज तीनदा विचारलं, 'थोरला कधी येतोय?' गुरुवारी, म्हटलं. तिन्ही वेळा तेच सांगितलं. तिन्ही वेळा तिला नव्याने बरं वाटलं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, 'कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.' एवढंच! मी उगाच मान हलवत राहिले. आठ वर्षांत दादा एकदाही आलेला नाही. त्याला फोन केला, तर म्हणाला, 'गुरुवारचं तिकीट काढतो.'

आमच्या विमानतळावर परदेशातून आठवड्याला एकच विमान येतं. गुरुवारी सकाळी नऊ दहाला. त्या एका विमानाच्या जिवावर दारावर 'आंतरराष्ट्रीय' अशी पाटी आहे. पाटी इमारतीपेक्षा मोठी आहे असं आमच्या कचेरीतले तात्या म्हणतात.

साहेबांनी आजच बोलावलं. विमानतळाला पन्नास वर्षं होताहेत, पुस्तिका निघणार. 'बाई, तुमचं अक्षर सुंदर, इतिहास तुम्हीच लिहा.' छापायच्या पुस्तिकेत अक्षराचा काय संबंध! आई दवाखान्यात आहे, म्हटलं. 'हो हो, सावकाश करा,' म्हणाले, 'महिनाअखेरीस दिलंत तरी चालेल.'

मंगळवार, ९ जानेवारी

आई दोन चमचे पाणी प्याली. सकाळी धुकं होतं. साडेनऊला विरलं.

बुधवार, १० जानेवारी

आजही धुकं! आणि आज दहा वाजून गेले तरी हलेना.

सत्तावीस वर्षं मी हेच काम करतेय. दर अर्ध्या तासाने हवामान कचेरीच्या गच्चीवर जायचं आणि कुठवर दिसतंय ते बघायचं. भिंतीवर तक्ता आहे. पत्र्याची शेड तीनशे मीटर, कुंपणाची भिंत पाचशे, पाण्याची टाकी सातशे, वीटभट्टीचं धुराडं दीड हजार. टाकी दिसली आणि पुढचं काही दिसलं नाही, तर सातशे लिहायचे. तो आकडा टॉवरवर जातो, टॉवरवरून वैमानिकाला. आठशेच्या खाली असेल तर विमान उतरू शकत नाही. नवी यंत्रं येणार, येणार असं बारा वर्षं ऐकतेय. तोवर माझे डोळे.

तात्या वायरलेसवर असतात, पुढल्या वर्षी निवृत्त होतील. म्हणाले, 'उद्या नाही पडायचं धुकं. माझा गुडघा सांगतोय.' त्यांच्या गुडघ्यावर आज पहिल्यांदा विश्वास ठेवावासा वाटला.

दादाचा निरोप आला : 'निघतोय. उद्या भेटू.' आईला वाचून दाखवला. तिने मोबाईल हातात मागितला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

गुरुवार, ११ जानेवारी

पहाटे साडेपाच. कचेरीतून लिहितेय. शेडसुद्धा दिसत नाही. देवा!

शनिवार, १३ जानेवारी

आई गेली. गुरुवारी संध्याकाळी सातला.

लिहायला बसले तर हात चालत नाही. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

गुरुवारी सकाळी साडेआठला भिंत दिसायला लागली. पाचशे. नऊला टाकी दिसली. अंधुक, पण दिसली. तिच्यापुढे नुसतं पांढरं. सातशे. विमान वर येऊन घिरट्या घालायला लागलं होतं, आवाज स्पष्ट येत होता. टॉवरवरून विचारणा झाली, 'सुधारणा आहे का?' मी म्हटलं, नाही.

तात्या माझ्यामागे गच्चीवर आले. जिने चढायला त्यांना त्रास होतो, तरी आले. हळूच म्हणाले, 'आठशे लिही गं. शंभर मीटरने काय आभाळ कोसळणारे? तुझा भाऊ आहे वर.'

भाऊ आहे म्हणूनच तर! विमानात दीडशे माणसं. दादाही त्यांतच. खोटा आकडा देऊन चाकं भलतीकडे टेकली तर? मी ह्यांना दवाखान्यात फोन लावला. ह्यांनी फोन आईच्या कानाला धरला. मी म्हटलं, 'आई, दादा आला बघ. आपल्या डोक्यावरच आहे, उतरायचाच बाकी.' दवाखाना जवळच आहे, तिलाही आवाज येत होता. ह्यांनी नंतर सांगितलं, ती छताकडे बघून हसली आणि म्हणाली, 'केस नीट करा माझे.'

साडेनऊ. तीच टाकी, तेच पांढरं. मी पुन्हा सातशे लिहिले. पेन्सिलीचं टोक मोडलं.

चाळीस मिनिटं फिरून विमान राजधानीला गेलं. तिथून इथे रस्त्याने नऊ तास. दादाला लगेच निरोप पाठवला : 'धुक्याने विमान परत फिरलं रे. जी मिळेल ती गाडी धर, आई थांबलीय.' उत्तर आलं नाही. अकराला लख्ख ऊन पडलं! मी गच्चीवर उभी राहून मोठमोठ्याने रडले. कुणी वर आलं नाही.

आई दिवसभर दाराकडे बघत होती. नर्स आली तरी मान वळवायची.

दादा काल संध्याकाळी पोचला. बाकीच्या प्रवाशांची बस गुरुवारीच रात्री आली होती म्हणे. 'माझी गाडी वाटेत बंद पडली,' म्हणाला. आमचं नशीबच तसलं. त्याच्यासाठीच थांबलो होतो. मग सगळं उरकलं.

सोमवार, २२ जानेवारी

आजपासून कामावर. दादा गुरुवारच्याच विमानाने परत गेला. त्या दिवशी लख्ख आकाश होतं, धुराड्याच्या पलीकडचं गावसुद्धा दिसत होतं!

जाण्याआधी त्याला सांगितलं होतं, तो आकडा मी दिला. माझ्या हाताने. तो ताटावरून उठला. 'नियम म्हणजे नियम,' म्हणाला आणि बराच वेळ हात धूत राहिला. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, २५ जानेवारी

पुस्तिकेसाठी जुन्या फायली काढल्या. काहीतरी करत राहिलं की बरं वाटतं. आधी इथे सैन्याची मातीची धावपट्टी होती. मग टिनाची खोली, तीच कचेरी, तेच प्रतीक्षागृह. तिकिटं देणारा माणूसच धावपट्टीवरच्या म्हशी हाकलायचा. बावीस वर्षांपूर्वी नवी इमारत झाली आणि आम्ही पट्टीच्या त्या टोकाकडून या टोकाला आलो.

तक्त्याची मूळ प्रत सापडली. त्यावर तारीख आहे चौतीस वर्षांपूर्वीची.

मी तारखेकडे बघतच राहिले. अंतरं टिनाच्या खोलीपासून मोजलेली! आम्ही हललो, तक्ता तसाच उचलून आणला. आणला म्हणजे, मीच आणला. जुना फाटला होता म्हणून नव्या पुठ्ठ्यावर मीच सुंदर अक्षरात उतरवला, काच लावून घेतली. दरवर्षी तपासणी होते. थर्मामीटर बघतात, वायुभारमापक बघतात. टाकी कोण मोजणार? ती काय कुठे पळून जाणार आहे!

पट्टीची देखभाल बघणाऱ्या इंजिनिअरला धरून आणलं. त्याने गच्चीवर मोजणीची दुर्बीण लावली, दोनदा मोजलं.

आठशे साठ.

टाकी दिसत होती. म्हणजे आठशेहून जास्त दिसत होतं. विमान उतरू शकत होतं. मी खरं बोलण्याच्या नादात खोटं लिहिलं, दोनदा!

शनिवार, २७ जानेवारी

साहेबांना लेखी दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, पंखा वाढवला. 'आपण तर कमीच सांगत होतो ना? म्हणजे सुरक्षितच! नवा तक्ता करून टाका. हे पुस्तिकेत घालू नका.' मला शिक्षा करा, म्हटलं. 'कशाची?' खरंच विचारत होते.

ह्यांनी समजूत काढली, तात्यांनी चहा आणून दिला. कुणी रागवतच नाही. आई दाराकडे बघत होती ते डोळे मिटले की दिसतं. मी काय करू? कुणाची माफी मागू?

मागायची तर दादाचीच.

मंगळवार, ३० जानेवारी

दादाला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. तक्ता, टाकी, आठशे साठ. म्हटलं, तुझी आणि आईची भेट माझ्यामुळे हुकली. मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

'थांब, थांब,' म्हणाला.

'मी त्या विमानात नव्हतोच गं.'

तिकडच्या विमानतळावर आला होता. हातात बॅग घेऊन बाकावर बसून राहिला. आठ वर्षं गेलो नाही, आता कुठल्या तोंडाने समोर उभा राहू, असं झालं त्याला. नाव पुकारलं तरी उठला नाही. विमान सुटलं. मग माझा निरोप गेला, तेव्हा राजधानीचं दुसरं विमान धरलं. 'धुक्याने परत फिरलं असं तूच लिहिलंस,' म्हणाला, 'मी फक्त नाही म्हटलं नाही.'

रडत होता. पन्नाशीचा माणूस, लहान मुलासारखा.

'कुणाला सांगू नकोस,' म्हणाला.

बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार!