उठल्याची खूण

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल काय रागवायचं ते रागावून घे आणि पुढे वाच. नळाला तांबूस पाणी येतंय. पांढरा कपडा धुवायला टाकला की चहात बुडवल्यासारखा निघतो. प्लंबर येऊन गेला. लोखंडी पाइप आतून गंजून बुजत आलेत, सगळेच बदला म्हणाला. तुझा होकार हवा, कारण बाबा नको म्हणतात.

का नको, ते लिहायचीही लाज वाटते. रोज दुपारी जेवणाच्या वेळी पाइप वाजतो. आई खालून पळीने वाजवायची ना, अगदी तसाच. मी तेव्हा दुकानातून जेवायला घरी आलेली असते, स्वयंपाकघरातच असते, आणि पळी माझ्याच हातात असते. प्लंबर म्हणतो, पाइपात हवा अडकते. पण वरच्या खोलीत ताट घेऊन जावं, तर बाबा काठी उचलून पाइपाकडे बघत बसलेले. मग हळूच काठी खाली ठेवतात. परवा म्हणाले की तुझी आई बोलावतेय, पण मी काही उत्तर देत नाही, पोरीला एकटी टाकून इतक्यात कुठे जाऊ. मी हसण्यावारी नेलं, पण जिना कठडा धरून उतरले.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर तक्रार नाही.

तुझी,
ठकी

११ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तू औषधांच्या दुकानात काम करतेस की मांत्रिकाकडे? जुने पाइप वाजायचेच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो तुझ्याच मागे लागलेला दिसतोय.

पण वाचून आई आठवली. खालून तिची पळी वाजली की आपण वरून एक टोला द्यायचा. टोला म्हणजे उठल्याची खूण. ती टोले मोजून पानं वाढायची आणि वाढलेलं पान कधी परत घ्यायची नाही. एकदा मी टोला देऊन पुस्तक वाचत लोळत राहिलो, तर वर येऊन कान धरून मला खाली नेलं होतं. उठायचं नसेल तर वाजवायचं नाही, हा तिचा कायदा. आईला जाऊन वर्ष झालं तरी बाबा तो पाळतात, यात मला नवल वाटत नाही.

पाइप बदलून टाक. आवाज थांबला की बाबांच्या मनातलं खूळही जाईल. तुझी वहिनी म्हणते, भिंती फोडतील तेव्हा धूळ नाकात जाऊ देऊ नकोस.

मायेत अंतर नाही, हे जाणून असावे.

तुझा,
दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बदलले एकदाचे. दोन दिवस करवतीच्या आवाजाने डोकं उठलं होतं. कापलेले तुकडे अंगणात टाकले, त्यांच्या आतून करंगळीसुद्धा जाईना. आता घरभर पांढरे प्लास्टिकचे पाइप आहेत, आणि पाणी असं नितळ की बादलीचा तळ दिसतो. नव्या पाइपावर टिचकी मारली तर भोपळ्यावर मारल्यासारखं वाजतं, तेवढंच.

दुपारी आता शांत असतं. बाबा दोन घास जास्त जेवतात. मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. फक्त काल ते म्हणाले की आपण तिला दारातून परत पाठवलं. पान वाढून एकटी बसणारी ती नव्हे, दुसऱ्या कोणाला तरी हाक मारीलच. मी विषय बदलला.

कृपा लोभ वगैरे सगळं नेहमीचंच समज.

तुझी,
ठकी

१६ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस.

मागच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दाढी करत होतो. न्हाणीघरातला पाइप वाजला. तोच ठेका. हातातल्या ब्रशच्या मुठीने मी टोला देऊनही टाकला. लहानपणची सवय, दुसरं काय. मग आरशात स्वतःचं तोंड दिसलं आणि ब्रश खाली ठेवला. आमची इमारत नवी आहे, ठके. इथे पहिल्यापासून प्लास्टिकचेच पाइप आहेत.

तेव्हापासून दुपारी घरी असलो की वाजतो. अन्न निवायला लागलं की आई वाजवायची, तसा भराभर. ऑफिसात असलो तरी त्या वेळी कडकडून भूक लागते, आणि समोरचा डबा मात्र गिळवत नाही. काल तुझ्या वहिनीने सदरा धरून मागे ओढलं, तेव्हा भान आलं. मी गच्चीच्या कठड्यावर पोट टेकून खाली बघत होतो. हात स्वच्छ धुतलेले, अजून ओलेच होते.

मला भीती वाटते. एरवी तुझी थट्टा केली असती, आज काही सुचत नाही.

आठवण ठेव.

तुझा,
दादा

२५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल. निघू नकोस, पत्राची वाट बघ, असं तारेत मुद्दाम लिहिलं. पोस्टमन आपली पत्रं वर बाबांना नेऊन देतो आणि तेच आधी फोडतात, हे तू विसरलास.

त्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि जेवणाच्या वेळी मला वर बोलावलं. मग काठीने त्या नव्या पाइपावर टोला दिला. दादा, तो लोखंडासारखा वाजला. खाली स्वयंपाकघरातली भांडी हलली. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले की पोराने सवयीने वाजवलं, त्याला उठायचं नव्हतं, त्याचं पान मला वाढ. नंतर हात धुतले. मी धरायला गेले तर माझा हात बाजूला केला. वर्षभरात जिना न उतरलेला माणूस कठड्याला हातही न लावता खाली गेला, आपल्या जागेवर बसला, आणि संपला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

खरं सांगते, मला राग आला. माझ्यासाठी थांबले होते, तुझ्यासाठी उठले. यावर आपण पुढे कधीतरी नीट भांडू.

पण आधी तिकडचं कळव. इथे सगळं गप्प आहे. आईने दोन टोले ऐकलेत, आणि एकच पान वाढलंय का, ते मला कळायलाच हवं. दुपारी एकटा राहू नकोस. वाजलं तर वहिनीला तुझे दोन्ही हात धरून ठेवायला सांग.

लोभ कर, पण बसल्या जागेवरूनच कर. उठू नकोस.

तुझीच,
ठकी