धडधाकट मेंदू

प्रिय ताई,

हे पत्र मी तुला देणार नाहीये, तरी अक्षराला हसू नकोस.

सकाळी तू वॉर्डात झोपली होतीस, तेव्हा मी त्या मशीनमध्ये जाऊन आले. तुझ्या मेंदूच्या फोटोशेजारी ठेवायला डॉक्टरीणबाईंना आपल्याच घरातला एक धडधाकट मेंदू हवा होता. त्या बाबांना म्हणाल्या, "ही मिरगी नाही, पण नाटकंही नाहीत. झटके खरे आहेत." मला मात्र वाटलं, थोडं तरी नाटक असेलच.

आत कुणीतरी कानाशी पत्रे बडवत असल्यासारखा आवाज होता. घाबरलीस तर दाब, म्हणून हातात रबरी फुगा दिला होता. मध्येच तो हात थाडथाड उडायला लागला. मी त्याला थांब म्हटलं, अगदी विनवलं. हात माझाच, पण माझं ऐकेना. फुगा निसटला आणि कुणाला कळलंही नाही. ताई, तुझंही असंच सुरू झालं होतं का गं?

बाहेर आई बाबांना सांगत होती, "एक तरी पोर धड आहे आपली." मी हात पटकन खिशात घातला.

तो अजून खिशातच आहे. हे सगळं डाव्या हाताने लिहिलंय.

तुझीच,
टिल्ली