चौदावं गाणं

प्रिय रोमिना,

हे पत्र शेजारच्या बेबाच्या हाती पाठवते आहे. ती बुधवारच्या बोटीने बहिणीकडे मोंतेविदेओला येते आहे. फोनवर आपलं बोलणं चार मिनिटांपलीकडे गेलं की भांडणात शिरतं, हे तुलाही माहीत आहे, म्हणून लिहिते. अर्ध्यात टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझा तो उलिसेस बेरार्दी मागच्या सोमवारी आला, तुझ्या जुन्या कॅसेटी न्यायला. चाळिशीचा माणूस, पण पायपुसण्यावर पाय पुसतच राहिला, आत येईना. शेवटी म्हणाला, "प्रोफे, तुम्ही मला दोनदा नापास केलंय. असेंद्रिय रसायनात." मी म्हटलं, तिसऱ्यांदा बसला असतास तर केलं असतं पास. "तेवढी छाती नव्हती, म्हणून तर लोकांच्या रेकॉर्डी काढत बसलोय," असं म्हणून हसला आणि मग आत आला. ला प्लातामध्ये कुठेही जा, मी नापास केलेला एकजण तरी भेटतोच.

गच्चीवरच्या कपडे धुण्याच्या खोलीतून त्याने तुझा खोका खाली आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपलं यंत्र मांडलं. वीस वर्षं तू इकडेतिकडे विखरून ठेवलेली गाणी, काही घरच्या कॅसेटींवर, काही मित्रांनी हाताने रंगवलेल्या पाकिटांतून वाटलेली, ती सगळी एका तबकडीवर आणायची आहेत, असं त्याने मला समजावून सांगितलं. तेरा मिळाली होती. चौदावं, 'पुंता लाराचा रस्ता', मिळत नव्हतं आणि त्याला संग्रहाचा शेवट त्याच्यावरच करायचा होता. "रोमिना म्हणते ते पुसलं गेलंय. आणि वर म्हणाली, आईला विचारू नकोस." मी म्हटलं, मग का विचारतोस? "प्रोफे, त्या गाण्याशिवाय ही रेकॉर्ड म्हणजे अर्ध्यातून उठलेला माणूस आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत मला ती छापायला पाठवायची आहे. तुम्हाला काही आठवतं का?" मी म्हटलं, नाही.

चार दिवस तो येत होता. मी माटेचा चहा ओतून देत होते आणि ऐकत होते. तुझी गाणी मी कधी मुद्दाम बसून ऐकली नव्हती, हे तुला ठाऊकच आहे. खोटं कौतुक करणार नाही. चार गाण्यांत गिटार बेसूर आहे. उलिसेस म्हणतो, ते तसंच हवं. असेल. एका गाण्यात मुलीची प्रेमपत्रंसुद्धा लाल शाईने तपासणारी बाई आहे. ती मी, हे कळायला मला दुसरं कडवं लागलं. बेबा माटे प्यायला आली होती, तिला पहिल्याच ओळीत कळलं. "अगं एल्विरा, हुबेहूब! फक्त नाक राहिलंय!" असं ओरडून ती एवढी हसली की उलिसेसला यंत्र थांबवावं लागलं. पण खरं सांगायचं तर पाच-सहा गाणी मी त्याला पुन्हा लावायला सांगितली. त्यांत तू एकही शब्द जास्तीचा वापरलेला नाहीस. ही शिस्त तुला कुठून आली, ते मी विचारणार नाही.

गाणी ऐकताना मला ते वर्ष आठवत राहिलं. तू माझ्याच विभागात तिसऱ्या वर्षाला होतीस. तुझा पदवीचा दिवस मी मनात पक्का केला होता. शेवटची परीक्षा देऊन बाहेर येणाऱ्याला मित्र अंड्यांनी आणि पिठाने माखतात, कपडे कायमचे जातात. म्हणून तुझ्यासाठी बाबाचा एक जुना सदरा मी वेगळा काढून ठेवला होता. आणि एका दुपारी विभागातल्या कारकूनबाईने सहज विचारलं, "डॉक्टर, तुमची मुलगी मार्चपासून दिसत नाही, बरी आहे ना?" तेव्हा जून चालू होता. रोज सकाळी तू दप्तर घेऊन निघत होतीस आणि फेर्मीनला, तुझ्या बाबाला, सगळं माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं. मी तुला काहीच बोलले नाही. तुला वाटलं असेल, आईने समजून घेतलं.

गुरुवारी उलिसेस सामान आवरू लागला तेव्हा मी माझ्या कपाटातून एक कॅसेट काढून त्याच्यासमोर ठेवली. त्यावर माझ्या अक्षरात 'रासायनिक समतोल' असं लिहिलेलं आहे. ग्रिसेल्दा म्हणून माझी एक अंध विद्यार्थिनी होती, तिला परीक्षेसाठी मी धडे बोलून देत असे. ती पास झाली. हे बचाव म्हणून सांगत नाही. उलिसेस म्हणाला, "प्रोफे, आता तिसऱ्यांदा बसवताय की काय?" मी म्हटलं, तुझ्या यंत्रात लाव. मला त्याला एवढंच दाखवायचं होतं की गाणं खरोखर गेलं आहे, शोधू नकोस.

पण त्यातून तू आलीस. तुझा एकवीस वर्षांची असतानाचा आवाज, मागे तो खेळण्यातल्यासारखा कीबोर्ड, आणि या सगळ्यावर दुप्पट वेगाने बदकासारखी बडबडणारी मी. उलिसेस आधी हसला आणि मग त्याने फीत मागे नेऊन पुन्हा लावली. त्याने मला समजावलं. तू गाणी भरायचीस त्या यंत्रात फितीवर चार पट्टे शेजारी-शेजारी चालतात, तेही दुप्पट वेगाने, आणि त्याचं यंत्रही तसलंच. माझ्या साध्या रेकॉर्डरला त्यांतले पहिले दोनच पुसता आले. तिसरा आणि चौथा शाबूत राहिले. बावीस वर्षं तू माझ्या कपाटात गात होतीस.

उलिसेस भला माणूस आहे. त्याने एकेक पट्टा बंद-चालू करून पाहिला. मग म्हणाला, "तुमचे दोन पट्टे मी बंद करतो. गिटार ती पुन्हा वाजवेल. कॅसेट दमटपणाने खराब झाली होती असं सांगतो. हे आपल्या दोघांतच राहील, प्रोफे." मी एक मिनिट विचार केला. पूर्ण एक मिनिट, तेवढं कबूल करते. मग त्याला म्हटलं, मुलीला सोमवारपर्यंत काही कळवू नकोस, आधी माझं पत्र जाऊ दे. नंतर हिशेब केला तर बेबाची बोट बुधवारची, म्हणून त्याला गुरुवार सांगितला. दुसऱ्याच दिवशी शुक्रवारची मुदत, म्हणून तोंड वाकडं करून तो हो म्हणाला.

तेव्हा आता ऐक. तू मला विचारलं होतंस, दोनदा, एकदा रडत, आणि मी दोन्ही वेळा म्हणाले होते की तुझ्या कॅसेटींना मी हात लावत नाही. ते खोटं होतं. आणि हात चुकून लागला नव्हता. पुसली जाऊ नये म्हणून तू कॅसेटचा कोपऱ्यातला तुकडा तोडला होतास. त्या भोकावर मी चिकटपट्टी लावली आणि तुझ्या गाण्यावर ग्रिसेल्दाचा धडा बोलले. कारकूनबाई बोलली त्याच संध्याकाळची गोष्ट. माझ्याकडे कोऱ्या कॅसेटी होत्या. तुझं लेबल मी काढून टाकण्याआधी वाचलं होतं: एक, गिटार. दोन, बाबाची शीळ. तीन, मी. चार, कीबोर्ड.

मी ते वाचलं तेव्हा फेर्मीन पलीकडच्या खोलीत होता आणि शीळच घालत होता. मला वाटलं, शीळ काय, उद्या पुन्हा घालेल. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. तू घरभर ती कॅसेट शोधत होतीस तेव्हा काय शोधत होतीस, हे मला माहीत होतं.

गुरुवारी उलिसेस तुला आनंदाने फोन करील की गाणं सापडलं. पहिल्यांदा तू त्याला विचारशील, बाबा आहे का त्यात. त्या बिचाऱ्याला त्याचं उत्तर देता येणार नाही. उत्तर माझं आहे, म्हणून हे पत्र. बाबा नाही, रोमिना. दुसरा पट्टा मी पुन:पुन्हा लावून, कान टेकवून ऐकला. तिथे फक्त मी आहे. गाण्याचं काय करायचं, ते तू उलिसेसला सांग. तुला माझ्याशी काही बोलायचं असेल तर मी घरी आहे, आणि या वेळी तू कितीही मिनिटं बोललीस तरी मी मध्ये बोलणार नाही.

तू नाकारलंस तरी तुझीच,
आई