माझ्या बालपणीचा डोंगर

२ जानेवारी
निवड झाली. आर्ट गॅलरीच्या संयोजक बाईंनी स्वतः फोनवर सांगितलं. खात्रीसाठी मी पुन्हा फोन केला, त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा उचलला नाही, कामात असतील. प्रदर्शनाचा विषय: निसर्ग आणि आठवण. मला एक अख्खी भिंत. लोक ज्या भिंतीसमोर सर्वांत जास्त थांबतील, त्या भिंतीच्या माणसाला प्रदर्शनाच्या पुढच्या महिन्यात बाजूचं दालन, एकट्याला. म्हणजे मला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाथरूमच्या नळाचं बघा.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून घरामागच्या डोंगराचे फोटो.

३ जानेवारी, सकाळी ९.४०
पहाटेचा उजेड उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय. उशिराच्या उन्हात डोंगर जास्त खरा दिसतो. अंथरुणात बसून खिडकीतूनच काढला. एका कोपऱ्यात पांघरूण आलंय. धुकं म्हणून खपेल.

११ जानेवारी
फोटोंशेजारी लावायचा मजकूर लिहिला. 'या डोंगराच्या सावलीत माझं बालपण गेलं. आयुष्यातला पहिला सूर्योदय मी याच्याच माथ्यावरून पाहिला.' वाचताना माझेच डोळे भरून आले. आधी हॉस्टेल, मग नोकरी, वीसेक वर्षं बाहेर काढून या घरी परतलो, तेव्हा मागे हा वाट पाहत उभा होता. बायकोने विचारलं, आणि शेवटचा सूर्योदय कधी पाहिलात. अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

ताईला आधी दाखवावं का? ती जन्मभर इथेच, दोन गल्ल्या सोडून राहते. पण तिला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय. उद्घाटनालाच बघू दे. तोंडात बोट घालील.

२० जानेवारी
फ्रेमवाला म्हणाला, साहेब, तुमचे सगळे डोंगर डावीकडे कललेत. म्हटलं, ही दृष्टी आहे. तो म्हणाला, असेल, पण मग खिळे जरा उजवीकडे ठोका.

नळ अजून गळतोय. कलेच्या काळात माणसाने नळ बघू नये.

१ फेब्रुवारी
भिंत सजली. शेजारच्या भिंतीवर एक दाढीवाला. त्याने काचेच्या बरण्यांत नुसती माती भरून मांडलीय. कीव आली. धीर द्यावा म्हणून म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, पण माती बघायला कोण थांबणार? तो माझ्या फोटोंकडे बघून म्हणाला, तुम्हीही तेच लावलंय की. अर्थ लागला नाही. कलावंत असंच गूढ बोलतात.

२ फेब्रुवारी, उद्घाटनानंतर
आधी चांगलं लिहितो. एक गृहस्थ 'डोंगर, संध्याकाळ'समोर बराच वेळ खिळून उभे होते. कला माणसाला स्वतःच्या आत डोकवायला लावते. मग त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि काचेत बघून भांग पाडला.

मग ताई आली. मजकूर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. आणि दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, अरे छोट्या, हा कसला डोंगर? कोपऱ्यावरच्या कापड दुकानाचं तळघर खणलं ना, त्याची माती ही. तू तेव्हा हॉस्टेलवर होतास. आपल्या लहानपणी इथे सपाट मैदान होतं. तिथेच तू सायकल शिकलास आणि लाँड्रीवाल्याच्या वाळत घातलेल्या चादरींत घुसलास.

लोक जमले. मी शांतपणे सांगितलं की आठवण ही लवचिक असते. कुणी ऐकलं नाही. ताई तोवर सांगता सांगता मैदानातल्या वाकड्या झाडापर्यंत पोचली होती. दाढीवाल्याने विचारलं, या ढिगातली बरणीभर माती मिळेल का.

३ फेब्रुवारी
राग नाही. सर्वांत जास्त गर्दी कुणाच्या भिंतीसमोर होती? माझ्या. बाईंनी ताईला रोज संध्याकाळी यायला सांगितलंय, खुर्चीही दिलीय. खुर्ची 'डोंगर, पहाट'च्या बरोबर पुढे. फोटो दिसत नाही, पण ताईला चांगली पार्श्वभूमी लाभते. दालन जवळजवळ आपलंच.

१२ फेब्रुवारी
दालन आपल्याच घरात आलं. बाईंनी जाहीर केलं. ताईला मिळालं. नाव 'मैदान'. ती सांगणार, आणि सोबत तिनेच काढलेले फोटो. ताई घाबरून म्हणाली, मला कुठे फोटो काढता येतात? बाई म्हणाल्या, तुमचे बंधूही काढतातच की. याला प्रशंसाच म्हणायचं.

घरी येऊन नळ दुरुस्त केला. आता थोडा जास्त गळतो.

१३ फेब्रुवारी
दुपारी ताई आली. विचारलं, रागावलास का रे? म्हटलं, छे. ती म्हणाली, मग तोंड का असं? मग स्वतःच म्हणाली, कॅमेरा तुझाच लागेल, आणि तूही. मला एकटीला जमायचं नाही.

दुकानवाल्याने सांगितलं, ढीग उद्या हलवणार, सकाळी सातला बुलडोझर येतोय. त्याआधी वर चढून, खाली मैदान होतं त्या बाजूचा फोटो घ्यायचा, असं ताईचं ठरलंय. फोटो ती काढणार. मी ट्रायपॉड धरणार, डावीकडे कलू न देता. हे काम दुसरं कुणी करू शकत नाही.

गजर पाचचा. बायकोने तिच्याही फोनवर लावलाय, आणि ताईला सांगून ठेवलंय, दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढू नका.

म्हणजे मजकुरात लिहिलं ते खरंच होतं. या डोंगराच्या माथ्यावरून मी पहिला सूर्योदय पाहणार आहे. उद्या.